सावकाराच्या बटणावर टिकली

आमच्या कराडच्या घरी टीव्हीच्या रिमोटवर एक बटण आहे, त्याला आप्पा ‘सावकार’ म्हणतात. हे एका मोठ्या ओटीटीचं बटण. दाबलं की आधी लॉगिन मागतं, मग पैसे मागतं, आणि तोवर समोर चाललेलं सगळं नाहीसं झालेलं असतं. हे ओटीटी आमच्याकडे कधीच नव्हतं. पण बटण आहे बरोबर अंगठा टेकतो तिथे, आवाजाच्या बटणाच्या वरच. आप्पा 78 वर्षांचे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं बाकी. दिवसातून चारदा तरी सावकार दारात उभा.

मी पुण्यात शाळेत गणित शिकवते. कॉम्प्युटरचं माझं ज्ञान म्हणजे प्रश्नपत्रिका टाइप करणं आणि निकालाचे तक्ते भरणं, एवढंच. तरीही ते बटण बदलायला मला गणपतीपासून दसऱ्यापर्यंतचे दिवस लागले, त्यातले निम्मे चुकीच्या वाटेवर गेले. तुमच्याही घरी असा सावकार असेल तर ते निम्मे दिवस वाचावेत म्हणून लिहून ठेवतेय.

सुरुवात 27 ऑगस्ट 2025, गणेश चतुर्थी. संध्याकाळी आरती झाल्यावर आप्पांना सह्याद्रीच्या बातम्या लावायच्या होत्या. यूट्यूबवर ते बघतात. आवाज वाढवायला गेले आणि सावकार आला. पडद्यावर इंग्रजी पान, मध्ये तो चौकटी-चौकटींचा क्यूआर कोड. आप्पांनी त्यांचा नेहमीचा उपाय केला, म्हणजे उठून बोर्डावरचं बटण बंद केलं. त्याच बोर्डावर गणपतीची लायटिंगची माळ होती. आख्ख्या मखरात अंधार. आई म्हणाली, “हे एक बटण कुणी काढून देईल तर मी त्याला साडी नेसवीन.” मी म्हटलं, बघते.

दुसऱ्या दिवशी कस्टमर केअरला फोन लावला. टीव्हीच्या मागे लावतो ती अँड्रॉइड टीव्हीची स्टिक (यूट्यूब, ओटीटी तिच्यातूनच दिसतात आणि सावकाराचं बटण तिच्याच रिमोटवर आहे), तिच्या कंपनीचा नंबर. 22 मिनिटं गाणं ऐकलं. मग एका मुलाने स्टिक रीस्टार्ट करायला सांगितली. मी म्हटलं, बिघडलेलं काही नाही, बटणाचं काम बदलायचंय. त्याने तक्रार नोंदवून घेतली, दहा आकडी नंबर दिला, 48 तासांत फोन येईल म्हणाला. फोन आला सहाव्या दिवशी, 2 सप्टेंबरला, गौरी-गणपती विसर्जनाच्या गडबडीत. उत्तर असं, की अशी सोय नाही, नवा रिमोट घेऊ शकता. नव्या रिमोटवर सावकार नसेल का? “नाही मॅडम, असणारच.”

ते बटण तिथे आपल्या सोयीसाठी नसतंच, हे मला नंतर वाचताना कळलं. 2011 साली नेटफ्लिक्सने टीव्ही आणि प्लेअरच्या कंपन्यांना बरोबर घेऊन रिमोटवर स्वतःच्या नावाचं बटण आणलं, आणि तेव्हापासून रिमोटवरची ही जागा म्हणजे हमरस्त्यावरची होर्डिंगची जागा झाली. अंगठ्याखाली कोण येणार हे बाजारात ठरतं. आपण ते होर्डिंग पैसे देऊन घरी आणतो.

मधल्या काळात मी एक शहाणपणा केला. बाजारातून 349 रुपयांचा ‘सगळ्या टीव्हींना चालतो’ असा रिमोट आणून कुरिअरने कराडला पाठवला. तो स्टिकला चाललाच नाही. कारण साधं आहे. त्या रिमोटमधून नुसता इन्फ्रारेड प्रकाश येतो आणि टीव्हीच्या पाठीमागे लपलेल्या आमच्या स्टिकला तो बघायला डोळाच नाही, ती ब्लूटूथवर बोलते. पैसे गेले. रिमोट घेताना त्यावर ब्लूटूथ लिहिलंय का आणि तो तुमच्याच स्टिकसाठी आहे का, हे बघून घ्या.

13 सप्टेंबरला, शनिवारी, सकाळच्या एसटीने लॅपटॉप घेऊन कराडला गेले. पितृपक्ष चालू होता. आई दारातच म्हणाली, “पंधरवड्यात नवीन काही नको करू गं.” मी म्हटलं, “नवीन काही आणत नाहीये, जुनंच बंद करतेय.” हे तिला पटलं.

पहिलं काम सेटिंग्जमध्येच होतं आणि खरं तर ते मी फोनवरूनही करून घेऊ शकले असते. रिमोट अँड अ‍ॅक्सेसरीज नावाच्या भागात रिमोटची बटणं लावायची सोय असते. पण ती फक्त आवाज, टीव्ही चालू-बंद आणि इनपुट यांच्यासाठी. टीव्हीची कंपनी निवडायची, मग तो गाणं वाजवून विचारतो, आवाज कमी-जास्त झाला का? नाही म्हटलं की पुढचा कोड. आमचं तिसऱ्या कोडला जमलं. दोन रिमोटचा एक रिमोट झाला आणि टीव्हीचा रिमोट आईने कपाटात चादरींच्या खाली ठेवून दिला. एवढ्यानेच घरातली अर्धी भांडणं मिटली.

इथे एक बारीक गोष्ट कळली ती पुढे उपयोगी पडली. आमच्या रिमोटची आवाजाची बटणं आता इन्फ्रारेडने थेट टीव्हीशी बोलतात, स्टिकला त्यांचा पत्ताच नसतो. म्हणून स्टिकवर बसवलेलं कुठलंही अ‍ॅप ती बटणं बदलू शकत नाही. खात्री करायची असेल तर मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. जांभळट ठिणगी दिसली तर ते बटण इन्फ्रारेडवर आहे. आप्पांना हा खेळ इतका आवडला की त्यांनी शेजारच्या दोन घरांतले रिमोट तपासून दिले.

सेटिंग्जमध्ये सावकाराचं नावही नव्हतं. मग बटण मॅपर (Button Mapper) नावाचं, बटणांचं काम बदलून देणारं अ‍ॅप घ्यायचं ठरवलं. ते टीव्हीच्या प्ले स्टोअरवर मिळतं आणि माझं सगळं काम फुकटच्या आवृत्तीत झालं. पण प्ले स्टोअर उघडायला आप्पांच्या गूगल खात्याचा पासवर्ड लागला. तो त्यांच्या डायरीत होता, शेवटच्या पानावर, दुधाच्या हिशोबाखाली. तो जुना निघाला. नवा करायला ओटीपी, ओटीपी आईच्या फोनवर, आईचा फोन बंद, चार्जर देवघरातल्या समईशेजारी. या एका पायरीला 50 मिनिटं लागली. निघण्याआधी फोन करून पासवर्ड चालतो का ते बघून घ्या, हे मी आता सगळ्यांना सांगते.

अ‍ॅप बसवल्यावर त्याला अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागते. टीव्ही बजावतो की हे अ‍ॅप तुमच्या हालचाली बघू शकेल. ती धमकी पोकळ नाही. बटण पकडायचं तर प्रत्येक बटण दाबलेलं त्याला कळायलाच हवं, त्याशिवाय ते काम करणार कसं? ही परवानगी मोठी आहे, म्हणून ती एकाच अ‍ॅपला दिली. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल बसवून तिला ही परवानगी देऊ नका.

आता गंमत सुरू झाली. अ‍ॅपमध्ये ‘बटण जोडा’ म्हणायचं आणि रिमोटवरचं हवं ते बटण दाबायचं, म्हणजे अ‍ॅप त्याला ओळखतं. रिमोटवर सावकार धरून अ‍ॅपची तीन बटणं. त्यातलं यूट्यूबचं आप्पांसाठी तसंच ठेवायचं होतं. दुसऱ्या एका ओटीटीचं बटण पहिल्या झटक्यात सापडलं, ते मी आईसाठी झी५ला लावलं. आईने दाबलं, झी५ उघडलं, आईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बोर्डात पहिली आले.

आणि सावकार? ‘बटण जोडा’ म्हणून तो दाबला की मॅपरच्या डोक्यावर सावकाराचंच पान उघडायचं. सात-आठ वेळा करून बघितलं. आमच्या स्टिकची सिस्टीम ते बटण वरच्या वर झेलायची, मॅपरपर्यंत खाली येऊच द्यायची नाही. इथे मी रात्री साडेदहाला लॅपटॉप मिटला आणि सोडून द्यायचं ठरवलं. आप्पा म्हणाले, “राहू दे पोरी. सावकार काय आजचा आहे का?” त्या वाक्याने झोप लागली नाही.

रविवारी सकाळी पुन्हा बसले. सावकाराचं अ‍ॅप स्टिकवरून काढता येत नव्हतं, कारण ते कारखान्यातूनच बसवून आलेलं. सेटिंग्जमध्ये ‘अनइन्स्टॉल’ नाही आणि आमच्याकडे ‘डिसेबल’ही फिकट, दाबताच न येणारं. पण लॅपटॉपवरून ते झोपवता येतं. त्याला एडीबी म्हणतात, अँड्रॉइड डीबग ब्रिज. नावाला घाबरू नका. लॅपटॉपवरून टीव्हीला लेखी हुकूम द्यायची ती एक खिडकी आहे. गूगलच्या अँड्रॉइड डेव्हलपरच्या साइटवर ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ म्हणून झिप फाइल फुकट मिळते.

टीव्हीवर आधी डेव्हलपर व्हावं लागतं, आणि तेही हसण्यासारखंच आहे. डिव्हाइस प्रेफरन्सेस, मग अबाउट, तिथे ‘बिल्ड’ असं लिहिलेल्या ओळीवर सात वेळा ओके दाबायचं. सातव्यांदा टीव्ही जाहीर करतो की तुम्ही आता डेव्हलपर आहात. आप्पांनी लगेच आईला हाक मारून हे सांगितलं. मग नव्याने दिसणाऱ्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू करायचं. आमच्या स्टिकवर तेवढ्यानेच वायफायवरून काम झालं, केबल लागली नाही. नेटवर्कच्या पानावर स्टिकचा आयपी पत्ता (वायफायवरचा तिचा पत्ता, टिंबांनी जोडलेले चार आकडे) दिसतो, तो कागदावर उतरवून घ्या. लॅपटॉपवर ‘एडीबी कनेक्ट’, पुढे तो पत्ता, पुढे अपूर्णविराम देऊन 5555.

माझं जोडणीच घेईना. 40 मिनिटं मी आकडे तपासत होते, गणिताची बाई असून आपल्याला चार आकडे नीट उतरवता येत नाहीत म्हणून स्वतःवर चिडत होते. मग लक्षात आलं, लॅपटॉप माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि टीव्ही घरच्या वायफायवर. दोघं एकाच वायफायवर नसतील तर एकमेकांना दिसणारच नाहीत. ते सुधारलं तोवर वीज गेली. सव्वा तासाने आली. तोवर जेवून घेतलं, त्या दिवशी भरलं वांगं होतं.

दुपारी अडीचला जोडणी झाली. टीव्हीवर खिडकी येते, या कॉम्प्युटरला परवानगी द्यायची का? ती थोडाच वेळ थांबते, म्हणून रिमोट हातात घेऊनच लॅपटॉपवर एंटर दाबा. मग ‘पीएम लिस्ट पॅकेजेस’ या कमांडने सगळ्या अ‍ॅपची खरी नावं येतात. लांबलचक, टिंबं असलेली, पण ओटीटीचं नाव त्यात कुठेतरी वाचता येतं. सावकाराचं सापडलं. ‘पीएम डिसेबल-युजर’, युजर शून्य, पुढे ते नाव. एंटर दाबायच्या आधी हात थांबला. म्हणून आधी उलटी कमांड, म्हणजे ‘पीएम इनेबल’ आणि तेच नाव, आप्पांच्या डायरीत दुधाच्या हिशोबाखाली इंग्रजीत लिहून ठेवली. हे तुम्हीही करा. या पद्धतीने अ‍ॅप पुसलं जात नाही, नुसतं निजतं. पण त्या यादीत ज्याचं नाव ओळखू येत नाही त्याला हात लावू नका. होम स्क्रीन दाखवणारं अ‍ॅपही त्याच यादीत असतं.

दाबलं. एक ओळ आली, नवी अवस्था डिसेबल्ड. टीव्हीवर सावकार दाबला. काही नाही. आप्पांनी घेतला, दाबला. काही नाही. आईने दाबला. मग तिघांनी आळीपाळीने. मॅपरमध्ये जाऊन ‘बटण जोडा’ म्हटलं आणि या वेळी ते ओळखलं गेलं. प्रत्येक स्टिकवर हे असंच होईल असं नाही. काहींवर अ‍ॅप निजवल्यावर बटण मुकंच राहतं. मला विचाराल तर मुकं बटण हाही फायदाच आहे.

निघण्याआधी यूएसबी डीबगिंग बंद केलं. हे विसरू नका, घरच्या वायफायवर ते दार कायम उघडं ठेवायचं नाही.

इथपर्यंत मी केलेल्या कामावर खूश होते, आणि चूक केली ती त्याच्या पुढे. सावकाराच्या बटणाला मी जिओहॉटस्टार लावून दिलं, कारण आईच्या स्टार प्रवाहच्या मालिका तिथे असतात. पुण्याला पोचले. मंगळवारी आईचा फोन: “आता बातम्या चालू असताना माझी मालिका लागते आणि हे माझ्यावर ओरडतात.” अर्थातच! अंगठा तिथेच होता, आप्पांचा डोळाही तोच होता. सावकार घालवून मी जागेवर दुसरा पाहुणा बसवला होता, एवढाच फरक. चुकून दाबलं जाणारं बटण कशालाही लावलं तरी ते चुकूनच दाबलं जाणार.

उत्तर मॅपरमध्ये आधीपासून होतं. प्रत्येक बटणाला तीन तऱ्हा असतात: एकदा दाबणं, दोनदा दाबणं, दाबून धरणं. एकदा दाबलं तर काहीच करायचं नाही, दाबून धरलं तर जिओहॉटस्टार. हे व्हिडिओ कॉलवर आप्पांकडून करून घेतलं.

“आप्पा, गिअरसारखं चिन्ह दिसतंय का वर?”

“कसलं गिअर, स्कूटरचं?”

“चक्र, आप्पा. दातेरी चक्र.”

“मग चक्र म्हण की.”

25 मिनिटांत झालं. आईला दाबून धरायला शिकवताना एक अडचण आली, ती किती वेळ धरायचं विचारत होती. शेवटी ‘मोरया’ म्हणेपर्यंत धर, असं ठरलं. ते बरोबर बसतं.

21 सप्टेंबरला, सर्वपित्रीच्या दिवशी, पुन्हा फोन. आईची दोन्ही बटणं मेली. यूट्यूबचं चालू, कारण त्याला मॅपर लागतच नाही. आमच्या स्टिकची मेमरी फक्त 1 जीबी. ती भरली की सिस्टीम मागे चाललेल्या गोष्टी बंद करते, त्यात मॅपरही गेला. अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन परवानगी एकदा बंद आणि पुन्हा चालू केली की येतं. मग भाच्याने कधीतरी टाकलेले तीन गेम आणि एक कराओके काढून टाकलं. आणि दर रविवारी आप्पा बोर्डावरचं बटण बंद करून एक मिनिटाने चालू करतात. तोच जुना उपाय, आता त्याला वार मिळाला. त्यानंतर एकदाच बंद पडलं, एका सिस्टीम अपडेटनंतर. तेव्हा आप्पांनी मला न विचारता चालू केलं.

राहिली गोष्ट बोटांची. बटणांवर चित्रं जुन्याच कंपन्यांची, काम भलतंच, हे आप्पांना अंधारात कळणार कसं? मी ऑनलाइन फुगीर स्टिकर मागवले, 149 रुपये, यायला सहा दिवस. आई तोवर थांबली नाही. तिने आरशावरची खड्याची टिकली काढून झी५च्या बटणावर लावली आणि सावकारावर मोठी मखमली. हाताला दोन्ही वेगळ्या लागतात. टिकलीचा गोंद आठ-दहा दिवस टिकतो, मग दुसरी. माझे स्टिकर अजून पाकिटात आहेत.

एकूण खर्च: वाया गेलेला रिमोट 349, स्टिकर 149, नवे सेल 40, आणि एसटीच्या फेऱ्या, ज्या तशाही झाल्याच असत्या. साडीचा विषय आईने पुन्हा काढलेला नाही.

1 ऑक्टोबरला खंडेनवमी होती. दसऱ्याला जोडून सुट्टी घेऊन मी गेले, तर पाटावर आप्पांची पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, आईची विळी, माझा लॅपटॉप यायची रिकामी जागा, आणि शेजारी रिमोट, हळदकुंकू लावलेला. कुंकू नेमकं ओकेच्या बटणाच्या फटीत गेलं. ते काढायला इअरबड आणि दोन थेंब सॅनिटायझर पुरतं, पण आधी सेल काढून घ्या.